ते निजलेत तिथून काय दिसतं

हलीमाचाचीने माझ्या अब्बांना आयुष्यात एकच काम सांगितलं, आणि तेही चाळीसेक वर्षं थांबून. अब्बा माझ्याकडे जेद्दाला यायला निघाले होते. आधी मक्केला उमरा, मग लेकीच्या घरी आराम, असा साधा बेत होता. निघायच्या आदल्या दिवशी ते तरीने खाडीपलीकडे गेले, चाचीला भेटायला. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेलेत. ती म्हणाली, "सौदीला जातावच तर तेवढं बघून या. ते निजलेत तिथनं काय दिसतं?"

ते म्हणजे तिचे यजमान, इस्माईलचाचा. अब्बा आणि चाचा तरुणपणी एकाच होडीवर मासेमारीला जायचे. अब्बा आधी सौदीला गेले आणि त्यांच्याच शब्दावर पुढल्या वर्षी चाचाही गेले. देशाच्या पार उत्तरेला, तबूकच्या पलीकडच्या डोंगरात रस्ता बांधणारी एक टोळी होती. अब्बा तिचा पाण्याचा टँकर चालवायचे, चाचा छावणीचा स्वयंपाक करायचे. दुसऱ्या हिवाळ्यात चाचांची छाती भरली, ताप चढला, आणि नेमकं तेव्हाच बर्फ पडलं. अब्बांनी त्यांना टँकरमध्ये घालून तबूकच्या दवाखान्याकडे काढलं. चढावर चाकं सरकायला लागली, तेव्हा अर्ध्या वाटेवरून ते परत फिरले. दोन दिवसांनी चाचा गेले. तिथल्या बदूंनी, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांनी, आपल्या कब्रस्तानात जागा दिली, आठवड्याभरात छावणी दुसरीकडे हलली आणि अब्बांना तिकडे पुन्हा जायला मिळालं नाही.

गावात हे कुणाला पटलं नाही. सौदीत बर्फ? वाळवंटात? आधी लोक हसले, मग कुजबुजले. आपल्या भरवशावर नेलेल्या माणसाला वेळेत दवाखान्यात नेलं नाही आणि वर बर्फाच्या गोष्टी सांगतो. अब्बांना मागून 'बर्फवाले' म्हणायचे. मी शाळेत असताना एका मुलीला त्यावरून बदडलंही होतं. हलीमाचाची मात्र त्याबद्दल एक अक्षर कधी बोलली नाही. अब्बांना तेच सगळ्यात जड जायचं.

म्हणून अझीझियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आल्यावर तिसऱ्याच दिवशी अब्बा म्हणाले, "बाय, मला तबूकला ने." शहात्तर वर्षांचं वय, गुडघे कुरकुरणारे. नवऱ्याला सुट्टी नव्हती. मी म्हटलं, मी नेते, गाडी मीच चालवीन. अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विमान चालवणार आहे.

तबूक

फेब्रुवारी संपत आला होता, पण तबूकला गाडीतून उतरलो तेव्हा जेद्दाचं अंग पार काकडलं. अब्बांनी दोन स्वेटर आणि त्यावर माकडटोपी चढवली. मी हसले तर म्हणाले, "हस, हस. वर गेल्यावर मागशील." आणि पुढे खरोखर मागावी लागली.

हॉटेलात एक फजिती झाली. अब्बांनी पिशवीत सुक्या बोंबलांची चटणी आणली होती, आणि ती रात्रीच्या खबूस रोटीबरोबर उघडली. पाच मिनिटांत दारावर टकटक. मॅनेजर उभा, केरळचा. मी माफीची हिंदी वाक्यं जुळवत होते, तोवर तोच म्हणाला, "मॅडम, थोडा मुझे भी मिलेगा?" मग खालून भात घेऊन आला आणि आमच्या खोलीत मांडी घालून जेवला. जेवता जेवता त्यानेच सांगितलं की बदामाच्या डोंगराकडे आता पूर्वीसारखं कुणालाही जाता येत नाही. एका नव्या प्रकल्पाचं कुंपण पडलंय, जागोजागी चौक्या आहेत. अब्बा जेवायचे थांबले.

बदामाचा डोंगर म्हणजे जबल अल-लौझ. लौझ म्हणजे बदाम. वरच्या घळींत रानबदामाची झाडं आहेत म्हणून ते नाव. अब्बा घरी त्याला नुसता 'लोज' म्हणायचे. लहानपणी मला ते कुणा माणसाचं नाव वाटायचं.

हिस्मा

तबूकच्या पश्चिमेला गाडी निघाली की तासाभरात हिस्मा लागतो. विटकरी वाळूचा सपाट मुलूख, आणि त्यात अधूनमधून उभे राहिलेले तांबड्या दगडाचे सुळके. काही एखाद्या इमारतीएवढे, काही गावाएवढे. वाऱ्याने त्यांना भोकं पाडलीत, कमरेशी बारीक केलंय. जेद्दात राहून मी वीस वर्षं 'सौदी म्हणजे काय, वाळू आणि मॉल' असं म्हणत आले. ते किती आगाऊपणाचं होतं हे तिथे गाडी थांबवून उभी राहिल्यावर कळलं.

सुळक्यांच्या मागे, क्षितिजावर, डोंगरांची ओळ दिसायला लागली. इकडचा दगड तांबडा नि मऊ, तिकडचा करडा-गुलाबी, कठीण, माथ्याकडे काळपट होत गेलेला. घळींमध्ये पांढऱ्या दोन-तीन रेघा होत्या. अब्बांनी बोट केलं. बर्फ होतं ते. उरलंसुरलं, पण बर्फच. मी शाळेतल्या त्या मुलीला मनातल्या मनात आणखी एक ठेवून दिली.

मग अब्बांनी मला भूगोल शिकवला. टँकर चालवणाऱ्याचा भूगोल, चढ-उतारांचा. "बघ, आपण आता हाय ते देशावर. सपाट, कोरडं. समोर दिसतोय तो घाटमाथा. पलीकडनं खाली बघशील तर कडा एकदम तुटलेला, आणि खाली उतरलं की कोकण. म्हंजे झाडंबिडं नायत, पण कोकणच. आणि मंग दर्या." मी फोनवर नकाशा काढून पाहिला. अगदी तसंच. पश्चिमेला अकबाच्या आखाताचं निळं बोट, तिथून ताडकन उठलेला डोंगर, आणि पूर्वेकडे हळूहळू पसरत गेलेलं पठार. आमचा सह्याद्रीच कुणीतरी उचलून इथे ठेवला होता आणि पाऊस द्यायचा विसरला होता.

"छावणी देशाच्या अंगाला व्हती, पायथ्याशी," अब्बा म्हणाले. "इस्माईल रोज म्हणायचा, दर्या इतका जवळ आणि एकदा पण दिसत नाय."

पायथ्याशी

डांबरी रस्ता सोडून अब्बांच्या आठवणीतल्या वाटेवर गाडी घातली, आणि व्हायचं ते झालं. पुढची चाकं वाळूत रुतली. मी ॲक्सिलेटर दाबत गेले तशी गाडी आणखी खाली बसत गेली. अब्बा "चाकांची हवा काढ, हवा काढ" म्हणत होते आणि मी ऐकत नव्हते. शेवटी एक जुना पिकअप आला. त्यातून अब्बांच्याच वयाचे, सडपातळ, दाढी मेंदीने रंगवलेले एक गृहस्थ उतरले. त्यांनी आधी चाकांची हवा काढली. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

गाडी ओढून काढल्यावर अबू सालेम, म्हणजे ते गृहस्थ, आम्हाला सोडायला तयार होईनात. गहवा घेतल्याशिवाय जायचं नाही. इथले लोक कॉफीला गहवा म्हणतात. घर सिमेंटचं, पण बाजूला बकऱ्यांच्या केसांचा काळा तंबू, मध्ये चूल, भोवती गालिचे. मी बायकांकडे जायला वळले तर ते म्हणाले, "तू इथेच बस, बिन्त. तुझ्या बापाची जीभ तू." त्यांची बायको उम्म सालेम चुलीजवळच बसली होती. बुरख्याच्या फटीतून तिचे हसरे डोळे तेवढे दिसत होते.

अबू सालेमांनी स्वतः गहवा ओतला. पिवळसर, वेलचीचा, वाफाळता. फिंजान म्हणजे कान नसलेला, बशी नसलेला एवढासा पेला. आणि माझे अब्बा म्हणजे जन्मभर चहा बशीत ओतून पिणारा माणूस. बोटं भाजली तशी त्यांनी फिंजान पुढ्यात गालिच्यावर ठेवला आणि कोकणी रीतीने गप्पा सुरू केल्या. आमच्याकडे कामाचं एकदम बोलत नाहीत. आधी पाऊसपाणी, गुरंढोरं, पोरंबाळं. मी एकेक वाक्य अरबीत करत होते.

अबू सालेम उत्तर देईनात. हातातली किटली तशीच धरून ते त्या फिंजानकडे बघत राहिले. उम्म सालेमनेही पीठ मळणं थांबवलं. मला वाटलं, झालं, अपमान झाला यांचा. मी हळूच म्हटलं, "अब्बा, उचला तो."

"गरम हाय गो."

तेवढ्यात अबू सालेम सावकाश म्हणाले, "बापाला सांग, तुझा गहवा पी. जे मागायला आलास ते दिलं."

मी सांगितलं. अब्बा गोंधळले. "मी काय मागितलं?"

मलाही कळेना. पण अबू सालेम वाट बघत होते, तोंडावर राग नव्हता. अब्बांनी एकदा चुलीकडे पाहिलं, एकदा तंबूच्या दारातून दिसणाऱ्या डोंगराकडे. मग माझी मदत न घेता, आपल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या मजुरांच्या अरबीत एकेक शब्द ठेवत गेले. सदीक. हिंदी. सल्ज. मौत. दोस्त, हिंदुस्थानी, बर्फ, मरण.

अबू सालेमांनी किटली खाली ठेवली. "वायतवाला?" ते म्हणाले. वायत म्हणजे पाण्याचा टँकर. "तू तो वायतवाला?"

त्यांना सगळं आठवत होतं. तेव्हा ते पस्तिशीतले. त्यांच्या वडिलांनीच कब्रस्तानात जागा दिली होती. जमीन गोठलेली, पहारीने फोडावी लागली. आणि त्या चढावरून परत फिरणारा टँकर त्यांनी खालून पाहिला होता. "आमची स्वतःची गाडी तीन दिवस वर अडकून होती," ते म्हणाले. "तू पुढे गेला असतास तर आम्हाला दोन कबरी खणाव्या लागल्या असत्या."

हे वाक्य मी मराठीत करायला घेतलं ते अर्ध्यातच तुटलं. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा जमलं. अब्बांनी ऐकून घेतलं, आणि थंड झालेला गहवा उचलून एका घोटात संपवला. चाळीस वर्षांत कुणी त्यांना असं म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्या फिंजानचं कोडं मला उम्म सालेमने नंतर उलगडून सांगितलं, भाकरी करताना. निखारे बाजूला सारून ती जाड भाकरी तापल्या राखेत पुरायची, मग काढून फडक्याने झटकायची. बदूंच्या तंबूत पाहुण्याने गहवा न पिता खाली ठेवला तर त्याला काही मागायचं असतं. यजमान 'दिलं' म्हणेपर्यंत तो पीत नाही, आणि एकदा 'दिलं' म्हटलं की यजमानाला ते द्यावंच लागतं. मी इतकी वर्षं या देशात काढली, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, किती वेळा नवा केला, आणि हे मला माहीत नव्हतं. शहरात मागायचं ते खिडकीत फॉर्म देऊन मागतात.

आणि देणं सोपं नव्हतं. ते कब्रस्तान आता चौकीच्या पलीकडे गेलं होतं. अबू सालेमांना स्वतःलाच ईदखेरीज आत सोडत नव्हते. हे कळल्यावर अब्बा शरमले. मला म्हणाले, "त्यांना सांग, मला ठाऊक नव्हतं. गरम व्हता म्हणून ठेवला. शब्द परत घ्या." मी सांगितलं. अबू सालेम पहिल्यांदा हसले. "खलास," ते म्हणाले. "ठेवलास ना?"

रात्री त्यांनी आम्हाला ठेवून घेतलं. अब्बांनी पिशवीतून आमसुलं काढून उम्म सालेमला दिली. तिने खजूर समजून एक तोंडात टाकलं आणि तिचे डोळे घट्ट मिटले. मग दुसरं मागितलं.

सूर्योदय

अबू सालेमांनी पहाटेची वेळ निवडली, कारण त्या पाळीला चौकीवर त्यांच्याच जमातीचा एकजण असायचा. फजरची नमाज आटोपून निघालो. अब्बांची माकडटोपी माझ्या डोक्यावर होती.

चौकीवरच्या गृहस्थाने मान हलवली. नाही. परवाना नाही तर नाही. अबू सालेम खाली उतरून त्याच्याशी बोलत राहिले. काच बंद, मला ऐकू येईना, नुसते हात दिसत होते. अब्बा तसबीहचे मणी ओढत बसले होते. मग अबू सालेमांनी गाडीकडे बोट केलं आणि हाताने काहीतरी खाली ठेवल्यासारखं केलं. तो गृहस्थ जवळ आला, अब्बांकडे वाकून पाहिलं, सलाम केला. दांडा वर गेला. एक तास, फोन बाहेर काढायचे नाहीत.

कब्रस्तान म्हणजे एक बुटकं टेकाड. भिंत नाही, नावं नाहीत, नुसते दगडांचे आयत. आमच्या गावातही बायका कब्रस्तानात शिरत नाहीत, तेव्हा मी गाडीशी थांबले आणि अब्बा अबू सालेमांचा हात धरून वर गेले. सगळ्या कबरी त्याच करड्या दगडाच्या. एकीच्या उशापायथ्याशी मात्र दोन पांढरेशुभ्र दगड होते, ते मला खालूनही दिसले. अबू सालेमांच्या वडिलांनी ते लांबच्या वादीतून, कोरड्या ओढ्यातून, आणून लावले होते. याचं इथे कुणी नाही, पण उद्या कुणी विचारत आलं तर सापडायला हवं, म्हणून.

आणि दर ईदला आपल्या आईबापांना सलाम करायला हे लोक येतात तेव्हा या कबरीलाही करतात. 'आमचा हिंदी भाऊ' म्हणतात. अबू सालेमांनी हे अब्बांना सांगितलं, अब्बांना पुरतं कळलं नाही, म्हणून खाली आल्यावर त्यांनी ते मला पुन्हा सांगितलं. मी मराठीत केलं. चाचा तिथे एकटे पडले असतील, या विचाराने अब्बांनी गावातल्या किती ईदा नुसत्या ढकलल्या ते मी पाहिलेलं आहे. ते गाडीच्या बॉनेटला टेकून लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. अबू सालेम मुद्दाम दूर जाऊन टायर बघत बसले.

पण त्याआधी, अब्बा वर होते तेव्हा, मी माझं काम केलं. चाचीने विचारलं होतं ना, काय दिसतं? मी चारी दिशांना वळून बघत होते. पश्चिमेला लोज, अगदी अंगावर. पूर्वेला मोकळा हिस्मा, दूरवर सुळके. ऊन आधी माथ्यावर आलं, मग कड्यावरून पायरी पायरी खाली उतरलं. मागचं अबू सालेमांचं गाव अजून सावलीत होतं. सपाटीवर सगळ्यात आधी ऊन पडलं ते त्या टेकाडावर, आणि ते दोन पांढरे दगड उजळले. मी घड्याळ पाहिलं नाही. टोपी काढली, एवढं आठवतं. ऊब लागायला लागली होती.

परतीच्या वाटेवर अब्बांनी माकडटोपी माझ्याकडून परत घेतली आणि मांडीवर तिची घडी केली. मग म्हणाले, "ती दर्याचं विचारणार. दिसतो म्हणून सांगतो."

"अब्बा, दिसत नाही."

"आंधळी बाई. तिला काय कळणार? बरं वाटेल."

मी म्हटलं, "बर्फाचं खरं सांगितलंत तेव्हा कुणी ऐकलं नाही, म्हणून आता दर्याचं खोटं सांगणार?" जरा जास्तच लागलं असावं. तबूक येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

खाडीपलीकडे

अब्बांना पोचवायला मी गावी गेले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तरीने पलीकडे गेलो. चाची पडवीत बसली होती. अब्बांच्या पावलांचा आवाज ओळखून तिने पदर सारखा केला. सुनेने चहा आणला. अब्बांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. बशी खाली ठेवली.

"भाबी, बघून आलो," ते म्हणाले. "घाटावर निजलाय. डोंगराच्या देशाकडच्या अंगाला. चांगली माणसं हायत आजूबाजूला. ईदला सलाम करतात त्याला, भाऊ म्हणतात."

चाचीचे ओठ हलले. पुटपुटली असेल काही. मग म्हणाली, "आणि दर्या?"

मी अब्बांकडे पाहिलं नाही.

"दर्या दिसत नाय," अब्बा म्हणाले. "घाट उतरलं की हाय. पलीकडं."

"हाय ना पण?"

"हाय."

तिने मान हलवली. तिला घाट आणि दर्या समजावून सांगायची गरज नव्हती. थोड्या वेळाने तिने विचारलं ते इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. "बर्फ व्हतं तिथं?"

तेव्हा मला कळलं. गावाने चाळीस वर्षं ज्यावर विश्वास ठेवला नाही, त्यावर हिने पहिल्या दिवसापासून ठेवला होता. म्हणूनच ती गप्प होती. ती त्यांना तेव्हापासून त्या बर्फातच निजलेलं बघत आली होती.

"नाय, भाबी. वर घळीत थोडं. त्याच्यावर नाय." अब्बा पुढे सरकून बसले. "त्याच्यावर ऊन हाय. सकाळी आधी माथ्यावर येतं, मंग कड्यावरनं उतरतं. गाव सावलीतच असतं तवा. सपाटीवर पहिलं त्याच्यावर पडतं."

"पहिलं?"

"पहिलं. ही हाय ना साक्षीला."

"हो चाची," मी म्हटलं. "मी टोपी काढली, इतकं उबदार होतं."

चाचीने हात पुढे केला आणि चाचपडत अब्बांची बशी शोधून त्यांच्याकडे सरकवली. "चा घ्या, भावजी. थंड झाला." अब्बांनी बशी उचलली. ते पिऊन होईपर्यंत ती थांबली. मग भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून ती म्हणाली, "आता परत सांगा. सकाळपासनं सांगा."